बयाबाईचा ढीग

कौलगडाच्या दुसऱ्या दरवाजात हवालदार घराण्यातल्या बायकांनी थांबायचं असतं, हे क्रांतीला कुणी मुद्दाम शिकवलेलं नव्हतं. उंबऱ्यावर बसू नये हे जसं लहानपणीच अंगात मुरतं, तसं ते मुरलं होतं. गड पडल्याच्या दिवशी, दसरा-दिवाळीच्या मधे, सगळी भावकी गाड्या करून यायची. पुरुष वर जायचे. बायका दरवाजाच्या आत, पहारेकऱ्यांच्या देवड्यांत चुली मांडायच्या, मटणाला फोडणी द्यायच्या आणि वरून 'झालं' अशी हाक येईपर्यंत भाकऱ्या थापत बसायच्या.

वर काय व्हायचं तेही सगळ्यांना पाठ होतं. अठराशे चव्वेचाळीसच्या बंडात गडकऱ्यांनी गडाचे दरवाजे आतून लावून घेतले. खालून कंपनी सरकारची फौज आली आणि तिच्याबरोबर कोल्हापूर दरबारची शिबंदी आली. म्हणजे आत मराठे आणि बाहेरही मराठेच. गडावर थोरले गणपतराव हवालदार. त्यांची बायको बयाबाई. वेढा लांबला, आणि एका पहाटे बयाबाईनं मागची दिंडी, वाकून जाण्यापुरतं ते चोरदार, उघडून दिलं. गड पडला. ज्या जागी तिला मारलं, तिथं हवालदारांचा प्रत्येक पुरुष दरवर्षी एक दगड टाकतो. त्याला बयाबाईचा ढीग म्हणतात.

घरात 'बया' ही शिवीच होती. क्रांती शिकायला पुण्याला जायचं म्हणाली होती तेव्हा वडील जेवणावरून उठले होते. "बयाबाई झालीस व्हय गं?" एवढंच म्हणाले होते. ती गेली नाही. वर्षभरात लग्न होऊन कबनूरला गेली, यंत्रमागांच्या खडखडाटात नांदली, नवरा गेल्यावर तेच माग तिनं स्वतः चालवले. पण तो शब्द कानातून कधी गेला नाही. आणि दोन महिन्यांपूर्वी तोच शब्द तिच्या लेकीला लागला होता.

म्हणून थोरल्या भावाचा, उदयसिंहाचा फोन आला तेव्हा तिचा कानावर विश्वास बसला नाही. "तेजूला घेऊन गडावर ये," तो म्हणाला होता. "झालं गेलं मिटवूया. आपलंच रक्त हाय." धाकट्या अमरसिंहानंही मागाहून फोन केला. "आक्का, ये गं. जेवायला ये, एवढंच."

गाडीतून उतरल्यावर उदयसिंह स्वतः पुढं आला. पांढरी विजार, पांढरा शर्ट, कपाळाला गुलाल. जिल्हा परिषदेची मुदत संपून चार वर्षं झाली होती, पण चालण्यातला सभापती गेला नव्हता.

"आली बघा माझी भाची! तेजू, किती वाळलीस. मागांचा खडखडाट ऐकून घास उतरत न्हाई वाटतं?"

तेजस्वी वाकून पाया पडली. "उतरतोय की मामा," ती म्हणाली. "एस्टीनं कॉलेजला जातो-येतो, त्यानं वाळलो असंन." कोल्हापूरच्या सगळ्या पोरींसारखं तीही स्वतःला 'जातो, येतो' म्हणायची. आईचंच वळण. दोन वर्षं ती मामाच्या घरी राहून शिकत होती. ते घर सुटल्याला दोन महिने झाले होते.

क्रांती चुलीकडे गेली. थोरली वैनी, उदयसिंहाची बायको, पाटीभर पीठ मळत होती.

"वैनी, कांदा चिरू?"

"चिरून झालाय, वन्सं."

"मग भाकरीला बसू?"

"बसाय माणसं हाईत." वैनीनं मान वर केली नाही. तिच्या डोळ्यांखाली काळं उतरलं होतं. तिच्या पोराचं, पृथ्वीराजचं नाव फौजदारी खटल्यात होतं, आणि ते तेजस्वीच्या तोंडून आलं होतं. या बाईनं तेजस्वीला दोन वर्षं गरम जेवण वाढलं होतं. क्रांतीला तिचा राग येईना. ती तशीच बाजूला बसली.

पृथ्वीराज पलीकडच्या तटाला टेकून मोबाईलमध्ये बघत होता. त्यानं आतेकडे बघितलं, ओठ हलवले, आणि पुन्हा मान खाली घातली.

नारळ फुटला, पुरुष वर जायला निघाले, आणि उदयसिंह दरवाजाच्या पायरीवर उभा राहिला.

"ऐका रे सगळी. यंदा दोन गोष्टी नव्या. एक म्हंजे पर्यटनातनं मंजुरी आलीया. गडाला रस्ता हुणार, बोर्ड लागणार. वरचा पयला बोर्ड आज आपल्या हातानं बसवायचा. आणि दुसरं." त्यानं तेजस्वीच्या खांद्यावर हात ठेवला. "यंदा पयला दगड माझी भाची टाकणार."

चुलीतली लाकडं तेवढी तडतडली. एक म्हातारा चुलता म्हणाला, "उदय, बाईमाणूस वर?"

"काळ बदललाय, अण्णा. पोरी इंजिनेर व्हायला लागल्या."

क्रांती उठली. पदराला हात पुसत म्हणाली, "मग मी बी येतो."

"तू कशाला? तू बस हितं, वैनीसंगं."

"पोरगी माझी हाय."

"क्रांते, घरची रीत हाय एक—"

"रीत तुमी आत्ताच मोडलासा की, दादा." ती दरवाजाच्या पायरीवर चढली. "अर्धी मोडली काय आणि सगळी मोडली काय."

कुणी हसलं नाही. उदयसिंह मात्र हसला, कारण भाऊबंद बघत होते. "चल, चल. दम लागला तर खांदा देणार न्हाई हं."

*

दुसऱ्या दरवाजापलीकडं गड म्हणजे नुसतं वाऱ्याचं पठार होतं. गुडघाभर पिवळं गवत, त्यात पडक्या जोत्यांचे चौकोन. क्रांतीच्या मनात लहानपणापासून इथं काहीतरी भयंकर होतं. प्रत्यक्षात गवतावर चतुर उडत होते.

उदयसिंह पुढं चालत ठिकाणं दाखवत होता. हा मारुती, ह्यालाच साकडं घालून गडकऱ्यांनी दरवाजे लावले. ही विहीर, वेढ्यात आटली. हा तोफेचा बुरूज. त्याचा आवाज चांगला होता, भाषणाला कमावलेला. पोरं मोबाईल वर धरून चित्रण करत होती.

तोफेच्या बुरुजाखाली गोलंदाजाची कबर होती. कौलगडाच्या पेठेत राहणारा हुसेन गोलंदाज चादर घालत होता. त्याची आई बिबीजान दगडावर बसून फुलांच्या पाकळ्या मोकळ्या करत होती. कबरीतला, तोफेवर पडलेला गोलंदाज त्यांचा मूळपुरुष. दोन्ही घरं एकाच दिवशी गडावर यायची, एकमेकांना पान द्यायची, आणि आपापल्या वाटेनं जायची. गोलंदाजांच्या बायकांना वर यायला कधीच बंदी नव्हती.

"क्रांती?" बिबीजाननं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "तू वर? या अल्ला. ये, बैस. पाणी पी."

क्रांतीनं तांब्या तोंडाला लावला. पुरुष पुढं ढिगाकडं गेले होते. पाणी पिऊन तिनं विचारलं, "चाची, तुमच्या घरात काय सांगतात? दिंडी कुणी उघडली?"

"आमच्यात?" म्हातारीनं पाकळ्या कबरीवर सोडल्या. "आमच्यात एवढंच सांगतात का बारूद संपलती आन् पाणी संपलतं. दार कुणी उघडलं ते कुणी बघितलंय, बेटा? वर हुते ते समदे हितंच पडले. सांगायला मागं ऱ्हायलं कोण?"

ती सहज बोलली आणि पुन्हा फुलांकडं वळली. क्रांती मात्र तांब्या हातात धरून तशीच उभी राहिली. मागं कोण राहिलं, हे तिला ठाऊक होतं. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं, तिलाही नव्हतं.

अमरसिंह तिच्यासाठी मागं थांबला होता. धाकटा भाऊ, दूध संघात इंजिनिअर, लहानपणी तिच्या कडेवर वाढलेला. दोघं चालायला लागली, तसा तो गवताची काडी मोडत म्हणाला, "आक्का, एक सांगू? चिडू नको."

"बोल."

"तेजूनं तेवढा दगड टाकायचा. सगळ्यांच्या देखत. मग दादा तिला घरात परत घेणार. तिची खोली तशीच ठेवलीया वैनीनं. आणि मग तारखेला कोर्टात..." त्यानं घसा खाकरला. "कोर्टात तिनं एवढंच म्हणायचं, की अंधार हुता. कोण चालवत हुतं ते नीट दिसलं न्हाई."

क्रांती थांबली. "तुला हे ठाऊक हुतं?"

"व्हय."

"आणि फोनवर मला म्हणालास, जेवायला ये."

अमरसिंह काडीचे तुकडे करत राहिला.

"अमर, ती मागच्या सीटवर बसलीवती. पृथ्वी पिऊन गाडी चालवत हुता. त्यानं तो गुंडू, दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा माणूस, सायकलीसकट उडवला. पाय गेला त्याचा. आणि तुमी पोलिसांत म्हणालासा, डायव्हर चालवत हुता. डायव्हर त्या दिवशी गावाकडं जेवत बसलावता!"

"पृथ्वीचं आयुष्य जाईल, आक्का. बावीस वर्षांचं पोरगं हाय."

"आणि गुंडूचं?"

"त्याचं बघणार हाय दादा."

"बघितलं का? दोन महिनं झालं."

अमरसिंहानं हातातली काडी टाकून दिली. पुढून उदयसिंहाची हाक आली, "या लवकर!" क्रांती झपाझप चालायला लागली. तेजस्वीला गाठून हे कानात सांगावं, असं तिला वाटत होतं. पण लेक पुरुषांच्या घोळक्यात, मामाच्या शेजारी होती, आणि तिची मान ताठ होती. तिला आधीच कळलं असावं.

*

ढीग छातीएवढा उंच होता. तळाचे दगड शेवाळानं हिरवेकाळे, वरचे कोरडे आणि करडे. पलीकडं तटाला बिलगून दिंडी होती, दगडमातीनं बुजलेली. शेजारी ताजा खड्डा खणलेला, आणि दोन गडी काळ्या दगडाचा बोर्ड आधाराला धरून उभे. सोनेरी अक्षरं उन्हात चकाकत होती. 'फितूर बयाबाईचा ढीग. येथे प्रत्येकाने एक दगड टाकावा.'

क्रांतीनं ते वाचलं. परत वाचलं. आता शाळांच्या सहली येणार, पोरं दगड गोळा करून आणणार, मास्तर सांगणार.

उदयसिंहानं वाकून एक दगड उचलला. स्वतःच्या पांढऱ्या शर्टाला पुसला आणि तेजस्वीच्या तळहातावर ठेवला. मग तिची बोटं मायेनं मिटवली. क्रांतीला त्याचा राग आला तो त्या मायेमुळं.

"टाक, बाळ. आणि म्हण, घरचं दार मी कधी उघडणार न्हाई. झालं. मग तू माझी लेकच."

सगळे थांबले होते. वाऱ्यानं गवत सळसळत होतं. तेजस्वीनं हातातल्या दगडाकडं बघितलं.

"मामा, हिनं दार उघडलं म्हणून गड पडला?"

"व्हय."

"मग मी काय उघडलो?"

"तुला कळतंय की, तेजू."

"न्हाई कळत. मला फौजदारांनी विचारलं, गाडी कोण चालवत हुतं. मी सांगितलो. कुणी विचारलं नसतं तर गोष्ट वेगळी. विचारल्यावर काय करायचं?" तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. "पृथ्वीदादा, तूच सांग. मी खोटं सांगितलो काय?"

पृथ्वीराज दिंडीकडं बघत राहिला.

"दगड टाक," उदयसिंह म्हणाला. आता आवाजातला सभापती वर आला होता.

"न्हाई टाकत." तेजस्वीनं वाकून दगड गवतात ठेवला. आपटला नाही, ठेवला. "आणि तारखेला जाणार. जे सांगितलो तेच सांगणार."

चुलत्यांत कुजबूज उठली. कुणीतरी 'बया' म्हटलं, हळू, पण ऐकू जाईल इतपत. उदयसिंह गर्रकन क्रांतीकडं वळला.

"हे तुझं शिकवणं. बघितलासा, अण्णा? रीत मोडून वर आली ती ह्यासाठी."

क्रांती ढिगाजवळ गेली. तिला भाषण येत नव्हतं. मागाच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळं तिचा साधा आवाजही मोठा यायचा.

"दादा, एक सांगा. आपण कुणाचे?"

"म्हंजे?"

"गणपतरावांचे का बाळासोंचे?"

दरवर्षी पितृपंधरवड्यात नावं घेतली जायची: गणपतराव, निपुत्रिक, त्यांचे धाकटे बंधू बाळासो, त्यांचे दोन पुत्र. दोन पुत्रांपासून दोन पात्या, घराण्याच्या दोन शाखा. पठारावर उभी असलेली सगळी माणसं त्या दोन पात्यांतली होती.

"बाळासोंचे," मागून अमरसिंह म्हणाला.

"आणि बाळासो त्या पहाटे कुठं हुते? गडावर?"

तिनं तटाखाली बोट केलं.

"खाली हुते. दरबारच्या शिबंदीत. कंपनीच्या फौजेसंगं. थोरल्या भावाच्या गडाला वेढा घालून बसलेवते. दिंडीतनं जे आत घुसले त्यांत ते हुते. गणपतराव मेले, गोलंदाज मेला, बयाबाई मेली. वतन कुणाला मिळालं? जमीन कुणाला मिळाली? ज्या जमिनीतला ऊस तुमी कारखान्याला घालतासा, ती कुठनं आली?"

"तोंड सांभाळ, क्रांते!"

"आणि मग मला सांगा, बयाबाईनं दार उघडलं, हे सांगितलं कुणी? मेलेली माणसं उठून सांगाय आली? सांगायला एकच माणूस मागं ऱ्हायला. दारातनं आत आलेला."

म्हाताऱ्या अण्णांनी टोपी काढून डोकं पुसलं. मोबाईल वर धरलेल्या पोरानं तो हळूच खाली घेतला. क्रांतीला स्वतःचंच बोलणं ऐकून धाप लागली होती.

"हे खोटं हाय," उदयसिंह म्हणाला. "तुझ्या मनाचं हाय सगळं."

"असंल. खरं काय ते मला ठाऊक न्हाई." आणि मग आयुष्यात पहिल्यांदा ती थोरल्या भावाला तू म्हणाली. "तुला बी ठाऊक न्हाई, दादा. तिनं उघडलं असंल, नसंल. आत पोरं तहानेनं तडफडत हुती म्हणून उघडलं असंल. ज्यानं भावाचा गड मारला त्याची आपण लेकरं. आपण त्याच्या जमिनीचं खायचं, आणि दरवर्षी हितं येऊन तिला दगड मारायचा? आणि घरात एखादी पोरगी खरं बोलली की तिला तिचं नाव द्यायचं? मला दिलं तवा मी गप बसलो. पुण्याला गेलो न्हाई. हिला द्यायचं न्हाई."

उदयसिंहाचा हात वर गेला. तो खाली यायच्या आत अमरसिंह मधे येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"दादा, हात खाली घे."

"तू बाजूला हो."

"न्हाई हुणार. तिनं मला कडेवर वागवलंय. आधी मला मार."

दोघं भाऊ छातीला छाती लावून उभे. थोड्या वेळानं उदयसिंहानंच हात खाली घेतला आणि शर्टाची बाही ओढून नीट केली.

"बरं," तो म्हणाला. "सगळ्यांनी ऐका. आजपासनं हिला माहेर न्हाई. दिवाळी न्हाई, भाऊबीज न्हाई. माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाई."

हे येणार, हे क्रांतीला ढिगाजवळ जातानाच ठाऊक होतं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणजे वैनीच्या हातची चटणी, अमरच्या पोरांचा गोंधळ, आणि गल्लीतून जाताना ओळखीच्या खिडक्या. तिनं लेकीकडं बघितलं. लेक रडत होती आणि डोळे पुसत नव्हती.

"घर वडलांचं हाय, दादा," क्रांती म्हणाली. "तुझ्या एकट्याचं न्हाई. मी भाऊबीजेला येणार. ओवाळायचं ताट घेऊन येणार. दार लावलंस तर पायरीवर बसून करंज्या खाईन, आणि सगळ्या गल्लीला वाटीन. कुणी विचारलं, आत का जात न्हाईस, तर सांगीन का ते. पयल्यापासनं सांगीन. गुंडूपासनं."

कुणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते खोकल्यात दाबलं. उदयसिंहानं तिकडं पाहिलं. मग तो ढिगाशी गेला, हाताला लागेल तो दगड उचलला आणि सगळ्या ताकदीनं टाकला. दगडावर दगड आपटून ठिणगी उडाली.

"टाका रे," तो म्हणाला.

अमरसिंह हलला नाही. अण्णा टोपी घालत होते, त्यांना ती नीट बसेना. जवळच्या पोरांच्या हातात आणलेले दगड होते; एकानं आपला पायाशी सोडला, मग दुसऱ्यानं. दोघाचौघांनी टाकले, पण नजर चुकवून, लांबूनच, काही ढिगापर्यंत पोचलेच नाहीत.

"दादा, बोर्ड?" एका गड्यानं विचारलं.

उदयसिंह दरवाजाकडं चालायला लागला. गड्यानं बोर्ड हळूच गवतावर पालथा ठेवला.

"खड्डा बुजवा," क्रांती त्यांना म्हणाली. "गुरं पडतील."

तेवढ्यात तिला वैनी दिसली. जोत्याच्या आडून, दोन्ही हात पिठानं भरलेले, ती कधी वर आली होती कोण जाणे. नवऱ्यानं तिला ओलांडताना "तू हितं काय करायलीस?" असं विचारलं, तिनं ऐकलंच नाही. ती सरळ तेजस्वीकडं आली. क्रांती लेकीच्या पुढं सरकली. वैनी मारेल, शिव्या देईल, पायावर डोकं ठेवून पोराच्या जिवाची भीक मागेल, यातलं काहीही झालं असतं तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

वैनीनं विचारलं, "तेजू, त्या माणसाचा पाय कुठनं गेला?"

तेजस्वीला प्रश्न कळायला वेळ लागला.

"गुडघ्याच्या वरनं, मामी."

"तू गेलतीस बघायला?"

"व्हय. आई आणि मी गेलतो. दोनदा."

"पोरंबाळं हाईत?"

"दोन. धाकटं अजून रांगतंय."

वैनी मान हलवत राहिली. घरात दोन महिने वकील येत होते, जात होते, चहा होत होता. कुठल्या कलमाला किती वर्षं हे तिला आता पाठ झालं होतं. हे मात्र कुणी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनं विचारायचं धाडस केलं नव्हतं. ती पृथ्वीराजकडं वळली.

"तुला ठाऊक हुतं? वरनं गेलाय ते?"

पृथ्वीराज म्हणाला, "व्हय."

"कवापासनं?"

"दुसऱ्या दिवसापासनं."

"आणि तू माझ्या हातचं जेवत हुतास," वैनी म्हणाली. ओरडली नाही. "रोज. मटणाचं ताट पुढं ओढून."

पोरगा मटकन खाली बसला. पाय पोटाशी घेऊन, लहान असताना बसायचा तसा. तो काय म्हणाला ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही, पण 'आई' आणि 'भ्यालो' एवढे शब्द क्रांतीच्या कानावर आले. वैनी त्याच्याजवळ गेली नाही. ती ढिगाजवळच्या एका दगडावर टेकली आणि पिठाचे हात मांडीवर उताणे ठेवून बसली. तिच्या मागोमाग दरवाजातल्या बाकीच्या बायकाही वर आल्या होत्या. काही अजून पायरीवर घुटमळत होत्या, एक दोघी पुढं येऊन बुजलेल्या दिंडीपाशी वाकून बघत होत्या, एवढी वर्षं ऐकलेलं ते दार केवढंसं आहे ते.

"वन्सं," वैनी म्हणाली, "त्या गुंडूचं घर कुठल्या गल्लीत हाय?"

"सांगतो. मी घेऊन जातो तुमाला."

"तुमी नको. मी ह्याला घेऊन जाणार." तिनं पृथ्वीराजकडं बोट केलं. "आजच. चालत न्यायला लागला तरी."

अमरसिंहानं खिशातून गाडीची किल्ली काढली आणि वैनीच्या शेजारी दगडावर ठेवली. तेजस्वीनं आता कुठं डोळे पुसले. क्रांती तिच्याजवळ गवतात बसली. पाय भरून आले होते, आणि भूकही लागली होती.

खाली दरवाजाबाहेर उदयसिंहाच्या गाडीचा हॉर्न वाजला. थांबला. पुन्हा वाजला, लांबलचक. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. एकीनं पदर खोचला आणि गड बघायला तटाच्या कडेनं पुढं निघाली. बाकीच्याही तिच्या मागनं गेल्या. हॉर्न वाजत राहिला, आणि उठायची घाई कुणीच केली नाही.